सिगारेट सोडायला दुसरी सिगारेट?

बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर, बेलंदूरच्या टेक पार्कांबाहेर, दुपारी चारच्या सुमाराला चहाच्या टपऱ्यांपुढे गर्दी होते. खांबाला सुतळीने एक लायटर बांधलेला असतो. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली एक चहा आणि एक सिगारेट मागतात; टपरीवाला पाकिटातून एकच काढून हातावर ठेवतो. कर्नाटकात सुटी सिगारेट विकायला सप्टेंबर २०१७ पासून बंदी आहे. ई-सिगारेटवरची बंदी त्याहून जुनी. ती जून २०१६ मध्ये आली, तेव्हाचे आरोग्यमंत्री यू. टी. खादर यांनी जाहीर केली. पुढे १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने वटहुकूम काढला, त्याच डिसेंबरात त्याचा कायदा झाला, आणि ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा हे सगळं देशभर गुन्हा ठरलं. साठा सोडून बाकी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे ज्याला सिगारेट सोडायची आहे, त्याला या शहरात सिगारेट पावलोपावली मिळते, आणि तिच्याऐवजी जे उपकरण विलायतेतले डॉक्टर स्वतःहून सुचवतात ते मिळत नाही. हे योग्य की अयोग्य, यावर जयनगरच्या एका घरात रविवारची सकाळ खर्ची पडते. मामा छातीच्या विकारांचे निवृत्त डॉक्टर, मूळचे निपाणीचे. भाची व्हाइटफील्डला औषधचाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते. ही दोन्ही पात्रं काल्पनिक आहेत. त्यांच्या तोंडचे आकडे, तारखा आणि कायदे मात्र खरे आहेत.

वादाचं निमित्त भाचीचा धाकटा भाऊ. नोकरीनिमित्त दोन वर्षं इंग्लंडमध्ये होता. तिथे धूम्रपान सोडवणाऱ्या सरकारी सेवेत नाव घातलं, व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, हाती घेतला आणि सिगारेट सुटली. बेंगळुरूला परत आला, सोबत आणलेलं द्रव संपलं, आणि काही महिन्यांत तो पुन्हा टपरीवर उभा राहायला लागला.

“मामा, तुम्ही लोकांनी त्याच्या हातातलं औषध काढून घेतलंत आणि विष जागच्या जागी ठेवलंत,” भाचीने सरळ सुरुवात केली.

“औषध कुणी म्हटलं त्याला?”

“कॉक्रेनने.” तिने फोन पुढे केला. कॉक्रेन म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून त्यांचा निष्कर्ष तपासणारी संस्था; वैद्यकात तिचा शब्द शेवटचा नसला तरी वजनदार असतो. ई-सिगारेटवरचा त्यांचा आढावा सतत अद्ययावत होत असतो. २०२४ च्या आवृत्तीत ८८ अभ्यास आणि २७ हजारांवर माणसं होती. निष्कर्ष असा: निकोटीन असलेली ई-सिगारेट वापरून सोडायचा प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकी ८ ते १० जण यशस्वी होतात. निकोटीनचं च्युइंगगम किंवा त्वचेवर चिकटवायची चकती (पॅच) वापरणाऱ्यांत ६. काहीच आधार न घेणाऱ्यांत, किंवा नुसत्या समुपदेशनावर, ४. “आणि ही तुलना चांगल्या दर्जाच्या पुराव्यावर उभी आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. उगाच कुणा कंपनीचं पत्रक नाही हे.”

मामांनी आकडे शांतपणे वाचले. “म्हणजे शंभरातले नव्वद तर राहिलेच.”

“नव्वद सगळ्याच उपायांत राहतात, मामा. चाराचे आठ झाले तर डॉक्टर म्हणून तुम्हाला आनंद व्हायला हवा.”

इथे भाचीची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायलाच हवं. ई-सिगारेट सोडायला मदत करते का, या प्रश्नाचं आजचं प्रामाणिक उत्तर ‘हो, काही जणांना करते’ असंच आहे. आपल्याकडे बंदीच्या बाजूने बोलताना बरेच जण हे उत्तरच नाकारतात, आणि मग ज्याने परदेशात स्वतःच्या डोळ्यांनी फरक पाहिलाय तो पुढचं काहीच ऐकून घेत नाही.

मामांनी ते नाकारलं नाही. त्यांनी दुसऱ्या एका चाचणीचा विषय काढला. पीटर हायेक आणि सहकाऱ्यांनी ती इंग्लंडमध्येच केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. ८८६ माणसं होती. वर्षभरानंतर ई-सिगारेटच्या गटातले १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, गम-चकत्यांच्या गटातले ९.९ टक्के. जवळजवळ दुप्पट. ही चाचणी भाचीलाही तोंडपाठ होती. “आता त्याच पेपरात पुढे काय लिहिलंय ते सांग,” मामा म्हणाले.

भाचीने सांगितलं. ई-सिगारेटवर ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यातले ८० टक्के लोक वर्षाअखेरीस ई-सिगारेट ओढतच होते. दुसऱ्या गटात सुटलेल्यांपैकी गम-चकत्या चालू असलेले फक्त ९ टक्के.

“झालं तर मग. सिगारेट सुटली, निकोटीन कुठे सुटलं? आणि आणखी एक बघ. त्या चाचणीत दोन्ही गटांना निदान चार आठवडे, दर आठवड्याला, समोर बसून समुपदेशन मिळत होतं. तुझ्या भावालाही मिळालं. तो श्रेय देतो व्हेपला. त्या टेबलापलीकडे बसलेल्या बाईचं नाव तरी त्याला आठवतं का?”

भाची क्षणभर गप्प झाली, पण हटली नाही. मारतो तो धूर, निकोटीन नव्हे, हा तिचा मुद्दा होता. मायकेल रसेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकातच हे मांडलं होतं: माणूस ओढतो निकोटीनसाठी आणि मरतो डांबरामुळे. सिगारेटच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात, त्यांतली सत्तरएक कर्करोगकारक. जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो, तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. व्हेपमध्ये काही जळतच नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वाद यांचं द्रव तापून त्याची वाफ होते. “आयुष्यभर निकोटीन घेऊन पंचाहत्तरीला पोचलेला भाऊ मला चालेल. पंचावन्नाव्या वर्षी ऑक्सिजनच्या नळ्या लावलेला नको.”

“ती वाफ म्हणजे शुद्ध हवा नव्हे गं. कॉइल जास्त तापली की फॉर्मल्डिहाइड तयार होतं. आणि चाळीस वर्षं व्हेप ओढलेला माणूस अजून जगात जन्माला यायचाय. २००३ मध्ये चीनच्या होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने हे यंत्र तयार केलं. सिगारेटचे सगळे गुण बाहेर यायला किती दशकं गेली, माहीत आहे ना?” मग त्यांनी २०१९ मधल्या अमेरिकेतल्या त्या साथीची आठवण करून दिली. तरुण पोरं फुप्फुसं निकामी होऊन रुग्णालयात भरती होत होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू.

“मामा, ते खापर व्हेपवर फोडू नका. त्यात गुन्हेगार निघालं व्हिटामिन ई अ‍ॅसिटेट. गांजातल्या टीएचसीच्या काळ्या बाजारातल्या काडतुसांत भेसळ म्हणून घातलेलं. आणि काळा बाजार कुठे फोफावतो? बंदी असते तिथे. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने जवळजवळ ४८ कोटींच्या ई-सिगारेटी पकडल्या. न पकडलेल्या कुठे गेल्या? या शहरात ज्याला हवा त्याला व्हेप मिळतो. फक्त त्यात निकोटीन किती, भेसळ काय, हे सांगणारं कुणी नाही.”

मामांनी मान डोलावली. हा मुद्दा त्यांना पटलेला दिसला. पण त्यांचा खरा आक्षेप फुप्फुसांबद्दल नव्हताच. तो मुलांबद्दल होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांपैकी २७.५ टक्के मुलं ई-सिगारेट ओढत होती. ज्यूल कंपनीचं यंत्र पेन ड्राइव्हएवढं, स्वाद आंब्याचा आणि पुदिन्याचा, निकोटीन मात्र सणसणीत. ती कंपनी त्याच सुमारास भारतात यायच्या तयारीत होती. वटहुकूम जाहीर करताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चारशेहून अधिक ब्रँड आणि दीडशेहून अधिक स्वादांचा उल्लेख केला होता. “दीडशे स्वाद पन्नाशीच्या दमेकऱ्याला सिगारेट सोडवायला काढलेत, असं तुला वाटतं?” मामांचा आवाज पहिल्यांदा चढला. “जे पोरगं कधीच सिगारेटला शिवलं नसतं, त्याला हे लागतं. तुझ्या शंभरातल्या आठांची किंमत कुणाची मुलं मोजतात, ते बघ.”

पुढे अमेरिकेतलं हे प्रमाण बरंच उतरलं. २०२४ मध्ये हायस्कूलमध्ये ते ७.८ टक्के होतं. भाचीने ते सांगितलं, आणि बंदी न घालता, नियम करून ते उतरलं, हेही सांगितलं. ब्रिटनने मात्र जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली, कारण तिथेही शाळकरी मुलांच्या हातात ते सर्रास दिसायला लागले होते. ज्या देशाने एप्रिल २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचे संच द्यायचं जाहीर केलं, तोच हा देश. मुलांचा प्रश्न त्यांनाही चुकवता आला नाही, आणि म्हणून मामांच्या या मुद्द्याला उत्तर देताना नुसते उतरलेले आकडे पुरत नाहीत.

“ठीक आहे, मुलांसाठी बंदी. मग सिगारेटवर का नाही?” भाचीने हुकमाचं पान टाकलं. वटहुकमाच्या दिवशी शेअर बाजारात आयटीसी आणि गॉडफ्रे फिलिप्स या सिगारेट कंपन्यांचे भाव वधारले. आयटीसीत केंद्र सरकारचा जवळजवळ आठ टक्के हिस्सा आहे, एलआयसीचा त्याहून मोठा. “धूर विकणाऱ्या कंपनीचा भागीदार धूर नसलेल्या वस्तूवर बंदी घालतो. याला आरोग्यधोरण म्हणायचं?”

मामा यावर चिडतील असं तिला वाटलं होतं. ते उलट म्हणाले, “अर्धंच सांगतेस. आयटीसीने स्वतःच २०१४ मध्ये ‘ईऑन’ नावाची ई-सिगारेट बाजारात आणली होती. आणि मार्लबोरोवाल्या अल्ट्रियाने डिसेंबर २०१८ मध्ये बारा अब्ज ऐंशी कोटी डॉलर मोजून ज्यूलचा ३५ टक्के हिस्सा घेतला. धूरवाले आणि वाफवाले वेगळे आहेत, हा तुझा भ्रम आहे. दोन्ही दुकानांचा गल्ला एकच.”

हे दोघंही बरोबर बोलत होते, आणि भावाच्या हाती त्यातलं काहीच लागत नव्हतं.

मग मामा निपाणीवर आले. त्यांच्याशी तंबाखूवर बोलताना ते होणारच असतं. बेळगाव जिल्ह्यातलं हे मराठी गाव विडीच्या तंबाखूवर वाढलं. वखारींत बायका दिवसभर तंबाखू चाळायच्या. नाकातोंडात बारीक धूळ, संध्याकाळी घरी जाताना लुगड्याला तोच उग्र वास. १९८१ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने तंबाखूला भाव मिळावा म्हणून इथेच पुणे-बेंगळुरू हमरस्ता अडवला आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. वखारीतल्या बायकांवर अनिल अवचटांनी लिहिलं. पुढे १९८६ मध्ये त्यांनी आणि डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. “तिथे काय यंत्र देतात? माणूस माणसाशी बोलतो. रोज बोलतो. घसरला तर पुन्हा बोलावतो. व्यसन सुटतं ते याने.”

आठवणींत रमायची मामांची ही सवय भाचीला ठाऊक होती, पण या वेळी त्यांनी निपाणीतून एक आकडा काढला. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. एकूण प्रौढांपैकी सिगारेट ओढणारे ४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के, आणि धूर न काढता चघळणारे, मळणारे, मिश्री लावणारे २१.४ टक्के. महाराष्ट्रात तर ओढणारे ३.८ टक्के आणि चघळणारे २४.४ टक्के. कर्नाटकात ८.८ आणि १६.३. “तुझं व्हेपचं भांडण या देशात कुणासाठी आहे? आउटर रिंग रोडवरच्या पोरांसाठी. निपाणीतल्या विडीवाल्याला ते यंत्र परवडणार नाही आणि मिश्री लावणाऱ्या म्हातारीला त्याचा उपयोग नाही. संसदेचं अधिवेशन, टीव्हीवरच्या चर्चा, सगळं या चार टक्क्यांवर गेलं.”

“त्या चार टक्क्यांत माझा भाऊ आहे,” भाची म्हणाली.

यापुढे वादाचा सूर पालटला. भाचीने कॉक्रेनचाच आणखी एक आढावा उघडला, सप्टेंबर २०२३ चा. तीनशेवर चाचण्या, दीड लाखावर माणसं, आणि धूम्रपान सोडवणारी सगळी साधनं एकमेकांशी ताडून पाहिलेली. वरच्या रांगेत तीन साधनं जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभी होती: निकोटीनची ई-सिगारेट, व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आणि सायटिसिन हे वनस्पतीपासून मिळणारं औषध. चकती आणि गम दोन्ही एकत्र वापरणं त्यांच्या फार मागे नव्हतं. एकटी चकती किंवा एकटं गम मात्र बरंच मागे.

“हे तू मघाशी का नाही सांगितलंस?” मामा पुढे सरकून बसले. “व्हॅरेनिक्लिन या देशात डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. गमवर बंदी नाही. दोन मिलिग्रॅमचं तर चिठ्ठीशिवाय मिळतं. म्हणजे व्हेपइतकंच काम करणारं, कायद्यात बसणारं औषध चौकातल्या दुकानात आहे. मग बंदीमुळे तुझ्या भावाचं नेमकं काय अडलं?”

“हे की त्याला ते कुणी सांगितलंच नाही. इंग्लंडमध्ये पहिल्याच भेटीत सांगतात. इथे तो सहा वर्षांत तीन डॉक्टरांकडे गेला, पाठ दुखते, ताप येतो म्हणून. सिगारेट ओढतोस का, हा प्रश्न एकानेही विचारला नाही.”

मामांकडे याला उत्तर नव्हतं. या लेखाचं म्हणणं नेमकं इथे आहे. मुलांच्या भल्यासाठी बंदी ठेवायची असेल तर ठेवावी. पण एक दार बंद करणाऱ्या सरकारवर दुसरं दार दाखवायची जबाबदारी येते, आणि ती आपल्याकडे फार अपुरी पार पडते. सोय नाही असं नाही. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी फुकट राष्ट्रीय क्विटलाइन २०१६ पासून आहे. दिल्लीची वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि गुवाहाटीची बोरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट यांच्याबरोबर बेंगळुरूचं निम्हान्स तिच्या केंद्रांपैकी एक आहे. सप्टेंबर २०१८ पासून तो नंबर प्रत्येक पाकिटावर छापणं सक्तीचं आहे.

पण सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतंच कुठे? त्याला पाकिटाची ८५ टक्के जागा व्यापणारं धोक्याच्या इशाऱ्याचं चित्र दिसत नाही आणि क्विटलाइनचा नंबरही दिसत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ८५ टक्क्यांचा तो नियम रद्द केला तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि चित्रं वाचली. टपरीवरची सुटी विक्री मात्र तोच इशारा रोज खोडून टाकते, आणि त्याबद्दल कुणी न्यायालयात जात नाही. ई-सिगारेटच्या बंदीइतक्या निकराने सुटी विक्रीची बंदी राबवली असती, तर बेलंदूरच्या त्या मुलांना पूर्ण पाकिटाचे पैसे मोजावे लागले असते आणि पाकिटावरचा नंबरही वाचावा लागला असता.

“मी त्याला सांगितलं होतं गमचं,” भाची म्हणाली. “चार दिवस चघळलं. उचक्या लागल्या, पोटात आग पडली. सोडून दिलं.”

“चघळलं कसं?”

“कसं म्हणजे? च्युइंगगम चघळतात तसं.”

मामांनी कपाळावर हात मारला. नंतरची दहा मिनिटं ते पुन्हा ओपीडीत बसल्यासारखे बोलत होते. गम सारखं चघळत राहिलं तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. तिथून उचक्या आणि जळजळ होते, मेंदूला मात्र फारसं काही पोचत नाही. ते हळूहळू चावायचं; तिखट लागलं, जीभ चुरचुरली की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. चुरचुर ओसरली की पुन्हा दोन-चारदा चावायचं, पुन्हा दाबायचं. असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात शिरायला हवं. “आणि तो गमच्या आधी कॉफी पितो का?”

“बेंगळुरूत राहतो, मामा.”

“मग झालं. कॉफीने तोंड आंबट होतं, निकोटीन शिरतच नाही. आधी पंधरा मिनिटं कॉफी नाही, चहा नाही, सरबत नाही. गम तोंडात असतानाही नाही. सकाळी उठल्यापासून किती वेळात पहिली ओढतो?”

“दहा मिनिटांत.”

“अर्ध्या तासाच्या आत पहिली लागते त्याला दोन मिलिग्रॅम पुरत नाही, चार लागतं, तेही चकतीच्या जोडीला. आणि मला विचारशील तर त्याला गोळी द्यावी. त्याआधी मूत्रपिंड आणि मनाच्या जुन्या तक्रारी डॉक्टरला सांगायच्या. सोडायची तारीख ठरवायची आणि गोळी तिच्या आठवडाभर आधी सुरू करायची. पहिला आठवडा वाईट जातो, चिडचिड होते, झोप उडते. तीन-चार आठवड्यांत उतरतं.”

भाचीने हे सगळं फोनवर टिपून घेतलं. तरीही तिचं मत बदललं नाही. ऑस्ट्रेलियात व्हेप दुकानात मिळत नाही, औषधविक्रेत्याकडेच मिळतो. भारतात डॉक्टरच्या चिठ्ठीवर का मिळू नये, गोळी आणि गम दोन्ही हरलेल्या माणसाला तिसरं साधन का नाकारायचं, हा तिचा प्रश्न कायम होता. मामांचं म्हणणं, चिठ्ठीवरची औषधं चिठ्ठीशिवाय किती दुकानांत मिळतात ते आधी पाहा, मग त्या रांगेत व्हेप उभा करा. दोघांनीही माघार घेतली नाही.

एवढ्यावर मात्र एकमत झालं: निम्हान्स जयनगरहून जवळ आहे, तिथल्या व्यसनोपचार विभागात भावाला घेऊन मामा स्वतः जातील. तो लाजेल, टाळेल, ऑफिसचं कारण सांगेल. म्हणून क्विटलाइनचा पहिला फोन याच घरातून, दोघांच्या समोर, त्याने करायचा. भाचीने त्याला निरोप पाठवला, की संध्याकाळी जेवायला ये आणि येताना कॉफी पिऊ नकोस.